पहिल्या थेंबाची दिशा

खोरे वारसा कार्यालयाच्या अहवालातील सातवे कलम असे होते: "तित्तीमार्का येथील पाचही कोनाड्यांत कोणतेही मानवी अवशेष आढळले नाहीत. पूर्वीही ते तेथे असल्याचा पुरावा नाही. सबब, स्थळ पर्यटकांसाठी खुले करण्यास चुल्लुपाता ग्रामसभेच्या संमतीची आवश्यकता नाही."

नववे कलम असे होते: "अवशेष चोरीस गेल्याची राखणदार मेल्चोर चाम्पी याची तक्रार निराधार आहे. तथापि सदर अवशेष त्यानेच हलविले असण्याची शक्यता लक्षात घेऊन प्रकरण येत्या सोमवारी सरकारी वकिलांकडे सोपविण्यात येत आहे."

मधले आठवे कलम स्वच्छतागृहांच्या संख्येविषयी होते. अहवाल रचणाऱ्याला एवढे भान नक्कीच होते की सातव्या कलमात जी वस्तू कधी अस्तित्वातच नव्हती, ती नवव्या कलमात मेल्चोरने पळवायची असेल, तर मध्ये वाचणाऱ्याला थोडे हातपाय धुऊ द्यावेत.

सबिना तुपायाचीने तो अहवाल तीनदा वाचला. जन्म चुल्लुपातातला असला तरी तिचे आयुष्य कुस्कोच्या विद्यापीठात जुन्या कागदांसमोर गेले होते. सतराव्या शतकात पाद्री डोंगराडोंगरांतून फिरत, इंकांच्या काळापासून जपलेले पूर्वजांचे सुकवलेले देह शोधून काढत आणि चौकात जाळत. त्या मोहिमांची दप्तरे ती तीस वर्षे वाचत आली होती. त्या माणसांविषयी तिला ममत्व वाटण्याचे काही कारण नव्हते, पण एक गुण ती त्यांच्या पदरात घालायला तयार होती. ज्याला जाळले त्याची त्यांनी नोंद ठेवली: नाव, गाव, अंगावरची वस्त्रे, आणि राखेभोवती रडणाऱ्यांची संख्या. 'आढळले नाहीत' असे लिहून मोकळे व्हावे, हे त्यांना सुचले नाही. ते सुचायला आणखी चारशे वर्षे, दोन पदव्या आणि एक कार्यालय लागले.

'आढळले नाहीत.' कुणाला? वाक्यात कर्ताच नव्हता. पाहणीची तारीख चौदा मार्च होती. त्या दिवशी मधला कोनाडा स्वच्छ झाडलेला होता, हे अहवालाला जोडलेल्या छायाचित्रातच दिसत होते. बाकीच्या चार कोनाड्यांत बोटभर माती, पक्ष्यांची पिसे, वाळके गवत. मधल्यात काही नाही. तळाच्या दगडावर मात्र एक वाटोळी, गुळगुळीत, काळपट खूण होती, वर्षानुवर्षे कुणीतरी एकाच जागी बसल्यावर पडते तशी.

तिथे अविचा बसत असे. अविचा म्हणजे आजी. तिचे दुसरे नाव गावात कुणालाच ठाऊक नव्हते. गुडघे छातीशी, हनुवटी गुडघ्यांवर, तळवे चेहऱ्यासमोर, आणि अंगाभोवती वस्त्रांवर वस्त्रे. दर ऑगस्टमध्ये, जमीन उघडी आणि भुकेली असते त्या महिन्यात, गावातल्या बायका तिच्याभोवती एक नवे वस्त्र गुंडाळत. तिला पाद्र्यांपासून लपवले, मग सरकारपासून, मग विद्यापीठापासून. सबिनाने तिच्याविषयी आयुष्यात एक ओळ छापली नव्हती. 'पुरावा नाही' हे त्या अहवालातले एकमेव खरे वाक्य होते, आणि ते सबिनाच्या इमानाने खरे झाले होते. आता ती साक्ष द्यायला उभी राहिली असती तरी चुल्लुपातात जन्मलेल्या बाईची चुल्लुपाताच्या बाजूने दिलेली साक्ष कार्यालयाच्या भाषेत पुरावा ठरत नसे. तिला भावना म्हणत.

अहवालाच्या शेवटच्या पानावर 'तज्ज्ञाची स्वाक्षरी' या शब्दांखाली अर्धे पान कोरे होते. ते सबिनासाठी होते. कार्यालयाचे संचालक डॉ. आवेलिनो सान्तोयो यांनी निरोप धाडला होता: शनिवारी लिमाहून नऊ पाहुण्यांची पहिली अधिकृत सहल वर जाणार आहे, प्राध्यापकबाईंनी सोबत यावे आणि अवशेषांच्या साक्षीने सही करावी. 'अवशेषांच्या साक्षीने' हे शब्द त्यांचेच होते.

शुक्रवारी संध्याकाळी ती मेल्चोरच्या स्वयंपाकघरात बसली होती. चुलीच्या उबेला पाळलेले कुई, म्हणजे गिनीपिग, भिंतीकडेने सुळसुळत होते. मेल्चोर सत्तरीचा, गालात कोकाची पाने धरून बोलणारा; खोऱ्यातली धाकटी माणसे त्याला ताय्ता म्हणत, म्हणजे बाबा. त्याची बहीण निकोलासा बोलताना गालात काहीच धरत नसे.

"सही केलीस तर सोमवारी मला नेतील," मेल्चोर म्हणाला. "नाही केलीस तर बुधवारी दुसरा कुणी सही करेल आणि गुरुवारी नेतील. तीन दिवसांसाठी तू नोकरी घालवू नकोस, पोरी."

"ताय्ता, अविचा गेली तेव्हा कोनाड्यात काय होतं?"

मेल्चोरने पोंचोच्या आतून एक पुडी काढून उलगडली. त्यात कोकाची तीन पाने होती, एकावर एक, देठ एका बाजूला, सरळ बाजू वर. "दगडाखाली ठेवली होती. क्षमा मागताना ठेवतात तशी."

"म्हणजे चोर खोऱ्यातलाच."

"हे कळायला विद्यापीठ लागलं का गं?" निकोलासा म्हणाली. "परका असता तर सिगारेटचं थोटूक ठेवून गेला असता. हा आपल्याच कुणाच्या तरी पोटचा आहे. घाबरलेला आहे. आणि घाबरून चोरतो तो लोभानं चोरणाऱ्यापेक्षा वाईट, कारण तो परत आणून द्यायलाही घाबरतो."

सबिनाने मग दप्तरातली एक गोष्ट सांगितली. एका खोऱ्यात एक पाद्री अकरा वर्षे पूर्वजांचे देह शोधत होता. मारून पाहिले, उपाशी ठेवून पाहिले, कुणी बोलेना. मग एका लग्नात त्याच्या लक्षात आले की मक्याची चिचा पिण्याआधी प्रत्येक माणूस दोन बोटे पेल्यात बुडवून पहिला थेंब उडवतो, आणि सगळ्यांचे थेंब एकाच दिशेला पडतात: त्याच्याच चर्चच्या पायरीकडे. त्याने पायरी खणली. खाली तिघे बसलेले सापडले. त्या रात्री त्याने वरिष्ठांना लिहिले: 'यांची जीभ खोटे बोलते, बोटे बोलत नाहीत.'

निकोलासाने चुलीतले लाकूड पुढे सारले.

"म्हणजे आपल्याला जाळणाऱ्याची विद्या," निकोलासा म्हणाली.

"हो."

"ती तू माझ्या चुलीपाशी बसून, माझे बटाटे खात मला सांगतेस."

"हो, मामाय."

निकोलासाने तिच्याकडे पाहिले. "मीठ घे," ती म्हणाली आणि चिचाचा माठ झाकणीने बंद करून उद्यासाठी दाराशी ठेवला.

मेल्चोर पाने चघळत होता. "अविचा गेल्यापासून आम्ही कोनाड्याला थेंब दिलेला नाही," तो म्हणाला. "ते करायचं नसतं, तुला ठाऊक आहे. आसन रिकामं असताना थेंब दिला, तर आसन देणाऱ्यालाच बोलावतं. या खोऱ्यातल्या पोराला हे अंगाईबरोबर शिकवतात. ज्याला माहीत आहे की ती तिथे नाही, त्याचा हात तिकडे जाणारच नाही. आणि ती कुठे आहे हे ज्याला माहीत आहे..." तो थांबला. "पण लिमाचे पाहुणे? त्यांना कोण सांगणार?"

"सांगू आपण," सबिना म्हणाली.

तिने ते सांगितले नाही. हे पुढे तिने स्वतःच्या हिशेबात लिहून ठेवले.

शनिवारी सकाळी मंडळी तिकीटघरापाशी जमली; वाट दाखवायला मेल्चोर आणि चिचाचा माठ घेऊन निकोलासाही आली. तिकीटघर मार्च महिन्यातच बांधून झाले होते. हिरवे पत्र्याचे छप्पर, पुढे खिडकी, मागे कुलूपबंद खोली. सारा डोंगर तपकिरी आणि राखाडी असताना ते छप्पर दोन कोसांवरून डोळ्यांत खुपत असे. डॉ. सान्तोयो पन्नाशीचे, नीटनेटके, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. त्यांची आई नदीपलीकडच्या वाडीतली उस्का घराण्यातली होती. चालीप्रमाणे आईचे आडनाव बापाच्या आडनावामागे लावायचे; डॉक्टर ते लावत, पण एका अक्षरात: सान्तोयो उ. उरलेले नाव कुणी विचारले तर त्यांना ऐकू येत नसे.

"या, प्राध्यापकबाई! पेन आणलंय ना? की जुन्या पद्धतीनं पिसानं सही करणार?"

"पेन आणलंय, डॉक्टर. कागदही आणलाय."

पाहुण्यांत सर्वांत वडील होते सेन्योर हिल्देब्रान्दो, लिमातले निवृत्त दंतवैद्य. अंगाने भरदार आणि तोंडाने त्याहून भरदार. त्यांनी मेल्चोरचे दात पाहून वाटेतच त्याचे अभिनंदन केले. "या वयात बत्तीसच्या बत्तीस! तुमच्या गावात माझ्यासारख्याची उपासमार झाली असती, राजे."

"झाली असती," मेल्चोर म्हणाला. "पण बटाटे दिले असते."

चढण सुरू झाली. खाली शेतीच्या दगडी पायऱ्या, वर इंकांच्या भिंती, त्याहून वर सायवा डोंगराचे हिम. ऑगस्टमधले आकाश घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखे होते. लिमाची माणसे दर वीस पावलांवर थांबत होती, आणि ते स्वाभाविकच होते. पण डॉ. सान्तोयोही थांबत होते, आणि ते या डोंगराच्या कुशीत वाढले होते. त्यांच्या पाठीवर काही नव्हते. पाण्याची बाटलीसुद्धा दुसऱ्याकडे होती. तरीही ते कमरेत वाकून, दोन्ही मुठी छातीशी आवळून चढत होते. पाठीवरच्या ओझ्याची गाठ छातीवर बांधून चालणारी बाई अशीच चालते.

"ओझं उतरवा की, डॉक्टर," मेल्चोर मागून म्हणाला.

"कसलं ओझं? पाठ मोकळी आहे माझी."

"तेच तर म्हणतोय."

डॉक्टर हसले नाहीत. पहिल्या सपाटीवर सगळे टेकले तेव्हा निकोलासाने रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या हातावर कोकाची तीन-तीन पाने ठेवली. सेन्योर हिल्देब्रान्दोंनी पाने घेतली, आजूबाजूला पाहिले आणि आवाज किंचित खाली आणून म्हटले, "अहो डॉक्टर, तुमच्या आईंना राहिली की पानं. आणि खरं सांगू का, राग मानू नका, त्यांना घोडं द्यायला हवं होतं. एवढी म्हातारी बाई, आणि सगळा भार तुमच्या खांद्यावर!"

"माझी आई," डॉ. सान्तोयो म्हणाले, "सहा वर्षांपूर्वी गेली."

"अस्सं? मग त्या कोण?" दंतवैद्यांनी पुन्हा पाहिले. डॉक्टरांच्या मागे दगडी वाट आणि वाळलेले गवत होते. गवत हलत नव्हते. "उंचीचा परिणाम," ते ओशाळून म्हणाले. "दोन माणसं दिसायला लागली म्हणजे गोळी घ्यावी, असं औषधवाल्यानं सांगितलंच होतं."

मंडळी हसली. सबिनाही हसली असती, पण निकोलासाकडे तिचे लक्ष गेले. निकोलासा हातात तीन पाने धरून उभी होती आणि ती कुणाला द्यावीत ते तिला ठरवता येत नव्हते. शेवटी तिने ती डॉक्टरांच्या मागच्या दगडावर ठेवली. निघताना सबिनाने वळून पाहिले. दगड मोकळा होता. वारा नव्हता. तिने मनाशी नोंद केली, आणि पुराव्याअभावी ती खोडली.

तित्तीमार्काला पोचले तेव्हा सूर्य डोक्यावर होता. या वेळी जुन्या भिंतींची सावली त्यांच्या पायाखाली नाहीशी होते, आणि खोऱ्यातली माणसे तेवढा वेळ तिथे मोठ्याने बोलत नाहीत. डॉ. सान्तोयो मोठ्याने बोलू लागले. दगड दगडांत कसे बसवले, चुना नाही, माती नाही, सुरीचे पातेही शिरत नाही. मग पाच कोनाडे. खाली रुंद, वर निमुळते, कमरेएवढ्या उंचीचे.

"इथे बहुधा दिवे ठेवत असावेत," ते म्हणाले.

"मधल्यात सुद्धा?" सबिनाने विचारले.

"सगळ्यांत, बाई. अहवालात आहे."

ते बोलताना मधल्या कोनाड्याकडे पाठ करून उभे होते. इतर चारांकडे त्यांनी हात दाखवला होता.

निकोलासाने माठ उघडला. मेल्चोरने पोंचोतून लाकडी पेल्यांची जोडी काढली. रंग उडालेले, कडा ओठांनी झिजलेले. चिचा नेहमी जोडीने द्यायची असते. एक पेला पिणाऱ्याचा, दुसरा ज्याच्या मानार्थ प्यायचे त्याचा. मेल्चोर आणि निकोलासा यांनी आधी स्वतः घेतली आणि पहिले थेंब चारी दिशांना उडवले. "जिथे असशील तिथे," मेल्चोर पुटपुटला. मग त्याने जोडी वडीलकीच्या मानाने दंतवैद्यांपुढे धरली.

"काय करायचं? दोन बोटं? अशी?" आणि सबिना तोंड उघडणार एवढ्यात सेन्योर हिल्देब्रान्दोंनी, समोर जे होते त्या दिशेला, मधल्या कोनाड्यात तीन थेंब उडवले. "पूर्वजांच्या नावानं!"

थेंब दगडावर पडल्याचा आवाज आला. एवढ्याशा थेंबांचा येऊ नये एवढा आला.

दंतवैद्यांनी पेला रिकामा केला, मेल्चोरच्या हातात दिला आणि शांतपणे कोनाड्याकडे चालू लागले. "फोटो काढा हो यांचा!" कुणीतरी ओरडले. ते आत चढले. एवढा भरदार माणूस त्या अरुंद कोनाड्यात मावू नये, ते मावले. गुडघे छातीशी घेतले. हनुवटी गुडघ्यांवर टेकवली. दोन्ही तळवे चेहऱ्यासमोर आणले. त्यांना हे कुणी सांगितले नव्हते. त्यांना दिव्यांविषयी सांगितले होते.

आधी हसू फुटले, फोटो निघाले, मग कुणी हाक मारली, मग पुन्हा मारली. बोटांच्या फटींतून त्यांचे डोळे दिसत होते आणि पापण्या लवत नव्हत्या. ओठांचा रंग उतरू लागला होता. लिमाच्या मंडळीत एक बाई रडू लागली.

मेल्चोर पुढे झाला. त्याने पोंचो काढून त्यांच्या अंगाभोवती लपेटला, तोंडातल्या पानांचा श्वास त्यांच्या कपाळावर सोडला आणि वासराला बोलावे तसे हळू म्हणाला, "हिल्देब्रान्दो. ही तुमची जागा नाही. जिची आहे ती यायची आहे. चला, उतरा." दोघातिघांनी हात दिले. ते खाली उतरले आणि खोकले.

"काय झालं? तोंडं का पाडलीत सगळ्यांनी? एक मिनिटसुद्धा बसलो नाही." बारा मिनिटे झाली होती. "आत खूप जागा आहे बरं का," ते प्रसन्नपणे म्हणाले, आणि डॉ. सान्तोयोंकडे वळून, त्याच स्वरात, "आणखी एकाला बसता येईल."

आदल्या रात्री जे सांगू म्हटले ते सबिनाने सांगितले असते तर हा माणूस त्या दगडात बसला नसता. दप्तरातल्या पाद्र्यानेही लग्नघरात कुणाला सावध केले नव्हते.

"आता डॉक्टर," मेल्चोर म्हणाला.

"नको. आता खाली जाऊ या. पाहुण्यांना बरं वाटत नाही."

"पाहुण्यांना बरं वाटतंय," दंतवैद्य म्हणाले. "घ्या की. आम्हाला पाजता आणि स्वतः सुटता?"

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. चिचा नाकारणे या डोंगरात माणसाला माणूस न मानण्यासारखे आहे, आणि ज्या कार्यालयाच्या पुस्तिकेवर 'जिवंत परंपरांचा सन्मान' असे छापले आहे त्याच्या संचालकाला तर ते कॅमेऱ्यांसमोर अशक्यच. मेल्चोरने दोन्ही पेले पुन्हा काठोकाठ भरले आणि डॉ. सान्तोयोंनी जोडी डाव्या हातात घेतली. उजव्या हाताची दोन बोटे पेल्यात बुडाली. हात वर आला, आणि थांबला.

समोर कोनाडा होता. एक परका माणूस असता तर त्याने तिकडे थेंब उडवून विषय संपवला असता. एक निरपराध माणूस असता तर त्याने चारी दिशांना उडवले असते. डॉ. सान्तोयो लहानपणी नदीपलीकडच्या वाडीत कुणाच्या तरी मांडीवर जे शिकले होते, ते दोन पदव्यांनी पुसले नव्हते. त्यांची टाच फिरली. मग कंबर, मग खांदा. ते कोनाड्याला पाठ करून, शेतीच्या पायऱ्यांच्या कडेला, उताराकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी थेंब उडवले. एक, दोन, तीन. सराईतपणे, रोज करणाऱ्या माणसासारखे. ओठ हलले. थेंब उन्हात चमकून ज्या दिशेला गेले त्या दिशेला, खाली दूरवर, एकच गोष्ट होती. हिरवे छप्पर.

लिमाच्या मंडळींना काय झाले ते कळले नव्हते, पण काहीतरी झाले एवढे कळले होते.

"कुणाला दिलंस, आवेलू?" मेल्चोरने विचारले. आवेलू म्हणून त्यांना एकच बाई हाक मारत असे, त्यांची आई.

डॉ. सान्तोयोंनी आपल्या बोटांकडे पाहिले. ती अजून ओली होती.

"दुसरा पेला तिचा," मेल्चोर म्हणाला. "रीत आहे. चल, नेऊन देऊ. तिकीटघरात आहे ना?"

"कुलूप आहे," डॉक्टर म्हणाले. अठ्ठावन्न कलमांच्या अहवालात जे निसटले नव्हते ते या दोन शब्दांत निसटले. मग त्यांनी डाव्या हातातल्या दुसऱ्या पेल्यात पाहिले. तो त्यांनी ओठांना लावला नव्हता. कुणीच लावला नव्हता. पेला कोरडा होता. तळाशी फेसाची बारीक रेघ उरली होती, कुणीतरी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यावे तशी.

ते जमिनीवर बसले. पाठ तशीच वाकलेली, मुठी छातीशी. बोलू लागले ते स्पॅनिशमध्ये नव्हे, आईच्या क्वेचुआत, जी त्यांना येत नाही असे कार्यालयात सर्वांना माहीत होते.

सबिनाने अहवाल काढला. शेवटचे पान उघडले. 'तज्ज्ञाची स्वाक्षरी' या शब्दांखालच्या कोऱ्या जागेत तिने आधी डॉक्टरांचे नाव लिहिले, मग गाव, मग आईचे नाव विचारून पूर्ण लिहिले. मेल्चोर आणि निकोलासा यांची नावे साक्षीदार म्हणून लिहिली. चौथी ओळ लिहिताना तिच्या ध्यानात आले की हाच क्रम आहे. नाव, गाव, आई, साक्षीदार, मग जबानी. चारशे वर्षांपूर्वी याच डोंगरात, याच क्रमाने एका हाताने लिहिले होते, आणि तो हातही थरथरला नव्हता. मेल्चोरसाठी सोमवार टळला होता. ती थांबली नाही. तिने शब्दाला शब्द उतरवून घेतला:

"अविचाला मी नेलं. चौदा मार्चला नाही. अकराला, भर दुपारी, मेल्चोर ताय्ता खाली कालवा बघायला गेला होता तेव्हा. ती इथे आहे म्हटलं असतं तर गावाची संमती मागावी लागली असती, आणि गाव नाही म्हणालं असतं. म्हणून मी ठरवलं की ती नाही. तीन पानं ठेवली, माफी मागितली, कोनाडा झाडला. पाठीवर घेतली, गाठ छातीवर बांधली, माझी आई मला न्यायची तशी. उचलली तेव्हा काही वजनच नव्हतं. पायऱ्या उतरायला लागलो तशी जड होत गेली. तिकीटघराच्या मागच्या खोलीत आहे, स्वच्छतागृहाच्या सामानाच्या पेटीत. वस्त्राला हात लावलेला नाही. रोज सकाळी कुलूप काढतो आणि तिला पहिला थेंब देतो. चिचा नसते तिथे, कॉफीचा देतो. सातवं कलम मी लिहिलं. नववंही मीच लिहिलं, ताय्ता. कुणाचं तरी नाव घालायला हवं होतं. मला वाटलं होतं, एकदा नाही म्हणून लिहिलं की ती नसेल. पण मी पेटीत ठेवली ती पेटीत थांबली नाही. पाठीवरच आहे. जिना चढताना असते, जेवताना असते. कानाशी विचारते, कुणाचा रे तू? मी हुद्दा सांगतो. ती म्हणते, ते नाही, कुणाचा? मी कार्यालयाचं नाव सांगतो. ती पुन्हा विचारते. आज मी आईचं नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं, सगळ्यांसमोर सांगितलं, बाईंनी लिहूनही घेतलं. सांगितलं ना, ताय्ता? मग ती उतरत का नाही?"